स्मारक, नग दोन

ताईंना खरं तर बागेत दोन बाकं बसवायची होती. एवढंच. मोठ्या झाडाखाली, पायवाटेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. एकावर दादांचं नाव, दुसऱ्यावर छोट्याचं. दमलेली माणसं येतील, पाठ टेकतील, गप्पा मारतील, जातील. यात कुणाचं काय बिघडणार होतं? पण साध्या गोष्टीला चार माणसांचा हात लागला की ती साधी राहत नाही, आणि इथे तर दोन भावजया, एक सरकारी खातं आणि खालच्या मजल्यावरचे कारकूनकाका, अशा सगळ्यांचे हात लागायचे होते. शेवटी जे उभं राहिलं त्यावर बसायची सोय नाहीच, आणि त्याला नेमकं काय म्हणायचं हे बागेत फिरायला येणाऱ्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

दादा म्हणजे ताईंचे थोरले भाऊ, आणि छोट्या धाकटा. सत्तरी गाठली तरी तो छोट्याचा छोट्याच राहिला. बाहेर लोक त्याला साहेब म्हणत, घरात कुणी दाद दिली नाही. दोघेही इमारतींचे नकाशे काढायचे आणि ताई त्यांच्याच ऑफिसात बसून ते ट्रेस करायच्या. म्हणजे भावांनी पेन्सिलीने खरडायचं आणि ताईंनी ते पातळ पारदर्शक कागदावर शाईने स्वच्छ उतरवायचं. लग्नबिग्न राहूनच गेलं, उभा जन्म त्यांनी हेच केलं. ताईंची रेष चुकली आणि ब्लेडने खरवडून काढावी लागली, असं कधी झालं नाही. ही गोष्ट त्या स्वतःहून कधी सांगत नसत. फक्त समोरच्याने ती सांगेपर्यंत विषय बदलू देत नसत.

दोघे भाऊ एकाच वर्षात गेले. आधी दादा, मग काही महिन्यांनी छोट्या. मधल्या ताई तेवढ्या राहिल्या.

आता या दोघांचं का पटत नव्हतं, तर कमानीवरून. जगात भाऊ भाऊ घरावरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात, हे दोघे कमानीवरून भांडले. दादांना कमानी, घुमट, कोनाडे, वेलबुट्टी यांचं वेड. छोट्याला सरळ रेष आणि सपाट गच्ची सोडून दुसरं काही दिसायचं नाही. "जी कमान काही पेलत नाही ती नुसती भिंतीला चिकटवायची, हे खोटं बोलणं आहे," असं छोट्या म्हणायचा. "आणि तुझी इमारत म्हणजे बुटाचं खोकं. वरून झाकण लावलं की झालं," असं दादा म्हणायचे. एका वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवरून प्रकरण इतकं हातघाईवर आलं की दोघांनी बोलणंच टाकलं. ऑफिस मात्र दोघेही सोडेनात, कारण जागा मोक्याची होती. मग मधोमध फळ्यांची भिंत घातली.

ती भिंत ताईंच्या टेबलापाशी येऊन अडली. ट्रेसिंगचं ते टेबल भलतंच जड. हलवायचं तर दोघांनी दोन टोकांना धरून एकदम उचलायला हवं होतं, आणि ते कसं शक्य होतं? म्हणून भिंत टेबलाच्या अलीकडे संपली, पलीकडे पुन्हा सुरू झाली आणि ताई तिच्या मधल्या फटीत बसल्या. डावा हात दादांच्या खोलीत, उजवा छोट्याच्या. "त्याला सांग, त्याचं गिऱ्हाईक चुकून माझ्याकडे आलंय." "त्याला सांग, परत पाठव, पण आधी कमान दाखवून घाबरवू नकोस." खरं म्हणजे फळ्यांतून दोघांनाही एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. तरी ताई उठत, निरोप पोचवत आणि उत्तर घेतल्याशिवाय जागेवर परत येत नसत. कामाची शिस्त म्हणजे शिस्त.

त्याच टेबलावर एक पद्धत पडून गेली होती. जी वस्तू डावीउजवीकडे सारखी असते ती दादा कधी पूर्ण काढू देत नसत, उगाच कागद वाया जातो म्हणून. मधोमध एक उभी तुटक रेष मारायची, ती मध्यरेषा, आणि तिच्या एकाच बाजूला अर्धी वस्तू काढायची. उरलेली अर्धी तशीच, फक्त उलटी, हे बघणाऱ्याने समजून घ्यायचं. पुढे बोलणं बंद झाल्यावर एखादं गिऱ्हाईक दोघांचेही नमुने मागायला लागलं, तेव्हा ताईंनी आणखी कागद वाचवला. एकाच मध्यरेषेच्या डावीकडे दादांची अर्धी इमारत, उजवीकडे छोट्याची अर्धी. एका कागदात दोन इमारती. दादा डावीकडे बघायचे आणि उजव्या भागावर हात ठेवायचे, छोट्या उजवीकडे बघायचा आणि डाव्या भागावर हात ठेवायचा. तिघांपैकी कुणालाही त्यात कधी काही समजावून सांगावं लागलं नाही.

दादा अंथरुणाला खिळले तेव्हा एका सकाळी त्यांनी ताईंना जवळ बोलावलं. ताईंना वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलणार. दादांनी विचारलं, "छोट्याच्या गच्च्या अजून गळतात का गं?" ताई तो निरोप जसाच्या तसा घेऊन छोट्याकडे गेल्या. त्या तिथे बसलेल्या असतानाच दादांच्या घरून बातमी आली. छोट्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "सांग त्याला, गळत नाहीत म्हणावं." आणि ताई सवयीने उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडीला हात घातला आणि तिथेच थांबल्या. एवढा एक निरोप त्यांच्याकडे तसाच राहिला.

तर छोट्याही गेल्यावर ताईंनी ठरवलं की या दोघांना एकदा तरी शेजारी शेजारी आणायचं. जिवंतपणी जमलं नाही, निदान बागेत तरी. आणि ज्याला त्याला आपापल्या ढंगात आणायचं, दुसऱ्याचं अंगावर घालायला लावायचं नाही. दादांचं बाक नक्षीचं, छोट्याचं बिननक्षीचं, अशी कल्पना होती.

ही कल्पना त्यांनी जिन्यात कारकूनकाकांना सांगितली, तिथेच पहिली माशी शिंकली. कारकूनकाका नोकरीतून सुटून बराच काळ लोटला होता, पण अर्ज हा शब्द कानावर पडला की त्यांची पाठ अजून ताठ व्हायची. "ताई, बाक म्हणजे सोपं प्रकरण नाही," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याबरोबर चला. फक्त तिथे काही बोलू नका." ताई गेल्या आणि बोलल्या नाहीत, म्हणून पहिला दिवस पाणीपुरवठा खात्यात गेला. तिथे काकांची ओळख होती. ओळखीचा माणूस काकांच्याही आधी निवृत्त झाला होता, हे संध्याकाळी कळलं.

उद्यान खात्याच्या साहेबांच्या टेबलावर प्लास्टिकचं रोप होतं आणि साहेब ते ओल्या फडक्याने पुसत होते.

"बाक देता येत नाही," ते पान पुसत म्हणाले. "बाकं खात्याची असतात. आज तुम्ही बाक द्याल, उद्या कुणी पलंग देईल."

"मग काय देता येतं?" ताईंनी विचारलं.

"स्मृतिस्तंभ देता येतो."

"पण स्तंभावर बसता येत नाही."

"बसायला आमची बाकं आहेत की," साहेब म्हणाले, आणि पुढच्या पानाकडे वळले.

अशा रीतीने बाकांचे स्तंभ झाले. माणसाच्या डोक्याहून थोडे उंच, विटांचे, वरून गिलावा. ताई घरी आल्या, चहा घेतला आणि विचार करता करता त्यांना ते पटलंच. दादा कुणाला बसू देणाऱ्यातले नव्हते आणि छोट्याही नव्हता.

मग भावजयांची संमती घ्यायला त्या निघाल्या. थोरल्या वहिनींच्या घरात दादांनी फ्रिज ठेवायच्या कोपऱ्यालासुद्धा कमान काढली होती, त्यामुळे नवा फ्रिज कधी आत गेला नाही. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ह्यांचं स्मारक व्हायचं तर घुमट हवा, वेल हवी आणि एक कोनाडा हवा. त्यात काय ठेवायचं ते मी मागून बघेन." मग आवाज खाली आणून विचारलं, "तिकडचं किती उंच आहे?"

धाकटीच्या घरात कपाटांना मुठी नव्हत्या. कुठे दाबलं की उघडतं हे ताईंना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. चहाच्या कपांनाही कान नव्हते, तेव्हा बोटं भाजत भाजत बोलणी झाली. धाकटी म्हणाली, "ताई, ह्यांना नक्षी म्हणजे भिंतीला आलेलं पुरळ वाटायचं. सरळ उभा ठोकळा, वर सपाट, बास." आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तिकडचं किती उंच आहे हो?"

इथून जे सुरू झालं ते काय वर्णावं. घुमटाचं टोक धरून मोजायचं, की घुमट जिथे सुरू होतो तिथवर मोजायचं? टोक धरलं तर थोरल्या म्हणणार, आमच्यांचे खांदे खाली गेले. खांदे धरले तर धाकटी म्हणणार, त्यांचं डोकं वर गेलं. "तिला सांगा, टोक हवेत असतं, ते धरत नाहीत." "तिला सांगा, मग तिच्या ठोकळ्यातलीही थोडी हवा काढ म्हणावं." दोघींचे फोन चालू होते, नंबर एकमेकींकडे होते, तरी ताईच इकडून तिकडे जात होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. भाऊ गेल्यापासून 'त्याला सांग, तिला सांग' असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. घरी परत आल्यावर पाय ठणकायचे, पण घर तेवढं रिकामं वाटायचं नाही.

शेवटी ताईंनी तोड काढली. खाली एकच जमिनीची रेष, वर एकच माथ्याची रेष, घुमटाचं टोकही त्या रेषेला आणि ठोकळ्याची गच्चीही त्याच रेषेला. दोघींनी कबूल केलं, कारण दुसरीनेही ते कबूल केलंय हे ताईंनी दोघींपासून लपवून ठेवलं.

इकडे उद्यान खात्यात नवंच खुसपट निघालं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकाच नमुन्याचं बांधकाम हवं, असा नियम होता. "एकीकडे घुमट आणि एकीकडे ठोकळा, असं बागेत चालत नाही," साहेब म्हणाले. "जोडी म्हणजे जोडी."

"माझे भाऊसुद्धा जोडीच होते," ताई म्हणाल्या. "पण सारखे नव्हते."

"त्यांना खात्याची मंजुरी घ्यायची नव्हती."

यावर काय बोलणार? कारकूनकाकांनी अर्ज बदलून पाहिला. स्मारकाच्या जागी शिल्प लिहिलं, शिल्पाच्या जागी शोभेची वस्तू लिहिलं. शोभेची वस्तू म्हटल्यावर साहेबांनी ती किती फुटांवरून शोभेल असं विचारलं. काकांनी अर्ज घडी करून खिशात घातला. परतीच्या वाटेवर म्हणाले, "ताई, एकाच भावाचं केलं तर?" ताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचे काही दिवस ते जिन्यात भेटलेच नाहीत.

तेव्हा ताईंनी ठरवलं की आपण बोलून उपयोग नाही, कागदच बोलला पाहिजे. ट्रेसिंगचं टेबल आता त्यांच्या घरी होतं. ऑफिस रिकामं केलं त्या दिवशी हमालांनी ते बघता बघता उचललं होतं आणि ताईंना उगाच राग आला होता. निम्मी खोली त्या टेबलाने खाल्ली होती, पलंग भिंतीला चिकटला होता. ताईंनी ते पुसलं, कागद ताणून बसवला, मधोमध तुटक रेष मारली. डावीकडे दादा काढले. अर्धा घुमट, अर्धी कमान, अर्धा कोनाडा, वेल पानापानाने वर चढलेली. उजवीकडे छोट्या काढला. एक उभी रेष, एक आडवी रेष, आणि त्या दोन रेषा जितक्या सरळ मारता येतील तितक्या सरळ. कोपऱ्यात त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'स्मृतिस्तंभ, नग दोन.' मग खुर्चीत मागे टेकून डावा भाग हाताने झाकून बघितला, उजवा भाग झाकून बघितला. दोघेही बरोबर आले होते.

साहेबांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं.

"हं. आता कसं. आता दोन्ही सारखे झाले."

"माथा एकच ठेवलाय दोघांचा," ताई अभिमानाने म्हणाल्या.

"ते दिसतंय ना," साहेब म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

माणूस वाटला तेवढा वाईट नाही हो, असं कारकूनकाकांना सांगत सांगत ताई जिना उतरल्या आणि आनंदाच्या भरात शेवटची पायरी चुकल्या. गुडघा असा मुरगळला की डॉक्टरांनी घराबाहेर पडायची बंदी केली. काम तर सुरू व्हायचं होतं. भावांचा जुना मिस्त्री कधीच वारला होता. कारकूनकाकांनी एक नवा शोधून आणला, त्याने काकांचं न्हाणीघर बांधलं होतं आणि ते गळत नव्हतं. एवढी शिफारस ताईंना पुरली.

आता बागेतून घरी आणि घरून बागेत निरोप न्यायचं काम काकांकडे आलं. निरोप्याचं काम दिसतं तितकं सोपं नसतं. निरोपात आपलं काही घालायचं नसतं आणि त्यातलं काही सांडायचं नसतं. काका दोन्ही करायचे.

"मिस्त्री विचारतोय, मधला जोड कुठे घ्यायचा?" ते एकदा येऊन म्हणाले.

ताईंना वाटलं, दोन स्तंभांच्या मधल्या फरशीबद्दल विचारतोय. "मध्यरेषेवर," त्या म्हणाल्या. "बरोबर मध्यरेषेवर. एक सूतही इकडेतिकडे नको म्हणावं."

काका परत गेले आणि मिस्त्रीला ठणकावून आले की कागदात आहे तस्संच पाहिजे, ताई फार कडक आहेत. आठवड्याने म्हणाले, "ताई, मिस्त्री म्हणतो, त्याने जन्मात असं काम केलेलं नाही."

ताईंना भरून आलं. "त्याला म्हणावं, दादाच्या वेलीची घाई करू नकोस," त्या म्हणाल्या.

"दिसतंय कसं?" त्यांनी आणखी एकदा विचारलं.

"छान दिसतंय," काका म्हणाले. त्यांनी गिलावा ओला राहावा म्हणून गुंडाळलेली गोणपाटं तेवढी पाहिली होती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ताई काठी टेकत बागेत आल्या. पायवाटेच्या अलीकडे थोरल्या वहिनी आणि त्यांची मुलंसुना, पलीकडे धाकटी आणि तिची. दोन्हीकडची नातवंडं तेवढी मधे खेळत होती, त्यांना हाका मारून मारून आपापल्या बाजूला ओढणं चाललं होतं. साहेब आले होते. मिस्त्रीने दोऱ्या सोडल्या, एक गोणपाट उतरवलं, मग दुसरं उतरवलं.

दोन स्तंभ उभे होते. दोन्ही अगदी एकसारखे. प्रत्येकाच्या डाव्या अंगाला अर्धा घुमट, अर्धी कमान, अर्धा कोनाडा आणि पानापानाने चढत गेलेली वेल. मधोमध ती वेल सुरीने कापल्यासारखी थांबली होती आणि तिथून उजवीकडे नुसता गुळगुळीत सिमेंटचा ठोकळा, वर सपाट. एका गालाची दाढी करून न्हाव्याच्या दुकानातून पळालेली दोन माणसं पायवाटेच्या दोन बाजूंना उभी राहावीत, तसं ते दिसत होतं. जोड मात्र बरोबर मध्यरेषेवर होता. एक सूत इकडेतिकडे नव्हता.

"वन्सं, हे काय?" थोरल्या वहिनी म्हणाल्या.

"ताई, हे काय?" धाकटी त्याच वेळी म्हणाली.

"यातले आमचे कुठले?" हे दोघींनी पुन्हा एकदमच विचारलं.

मिस्त्रीने खिशातून घडी केलेला कागद काढला. "कागदात असंच आहे," तो म्हणाला. "असे नग दोन." कारकूनकाकांनी चष्मा लावला, कागद बघितला, स्तंभ बघितले, पुन्हा कागद बघितला आणि हळूच घसा साफ केला. साहेब तेवढे खुशीत होते. "मंजूर नमुन्याप्रमाणे तंतोतंत आहे," ते म्हणाले. "खात्याच्या बागांमध्ये इतकी सारखी जोडी दुसरी नाही. आता एक इंच हलवायचा तरी नवा अर्ज करावा लागेल." एवढं बोलून त्यांनी दोन्ही स्तंभांचे फोटो काढले आणि ते निघून गेले.

थोरल्या वहिनींचा मोठा मुलगा मिस्त्रीच्या अंगावर गेला. डोकं गहाण ठेवलं होतं का, दोन माणसांची दोन स्मारकं आहेत एवढंही कळत नाही का, असं बरंच बोलायला लागला. धाकटीच्या मुलानेही त्याला साथ दिली. मिस्त्री मान खाली घालून उभा होता. ताई गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथेच मिटली असती. मिस्त्रीचं नाव खराब झालं असतं, ताईंची रेष कधी चुकली नाही हे म्हणायला लोक मोकळे राहिले असते. ताईंच्या मनात तो विचार आला नाही असं नाही. मग त्या काठी टेकत पुढे झाल्या.

"त्याला बोलू नका," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. नकाशा माझा आहे."

त्यांनी कागद हातात घेतला आणि सगळ्यांना समजावायला लागल्या. "ही मध्यरेषा. डावीकडे दादा, उजवीकडे छोट्या. दोघेही अर्धे अर्धेच काढलेत. अर्धं काढलं की उरलेलं समजून घ्यायचं असतं."

"कुणी समजून घ्यायचं, ताई?" धाकटीने विचारलं. तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं.

ताईंनी पुन्हा कागदाकडे बघितलं. हा कागद वाचता येणारी जगात तीनच माणसं होती आणि त्यातली दोन आता इथे गिलाव्यात उभी होती. साधी तुटक रेष, पण तिचा अर्थ आता एकट्या ताईंना ठाऊक होता. म्हणजे तो नसल्यातच जमा. दादा गेल्यावर त्यांनी थोरल्या वहिनींचं घर सांभाळलं होतं, छोट्या गेल्यावर धाकटीचं. दोन्हीकडे सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवला, स्वतःचं रडायचं राहूनच गेलं. ते आता आलं. भर बागेत, साठ-सत्तर वर्षं मागे गेल्यासारखं, हुंदके देऊन त्या रडल्या.

अलीकडून थोरल्या वहिनी आल्या, पलीकडून धाकटी आली. दोघींनी दोन बाजूंनी त्यांना धरलं आणि खात्याच्या बाकावर नेऊन बसवलं. मग दोघीही बसल्या, कारण उभं राहून करायचं काही उरलं नव्हतं.

"म्हणजे हे अर्धे इथे आणि अर्धे तिथे," थोरल्या वहिनी शेवटी म्हणाल्या.

"घरी तरी कुठे पूर्ण असायचे," धाकटी म्हणाली.

"ते खरं. निम्मं लक्ष ऑफिसात."

"आणि ऑफिसातलं निम्मं फळीपलीकडे. तिकडे काय काढतोय म्हणून."

थोरल्या वहिनी हसल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत दोघी ताईंना मधे न घालता बोलल्या त्या एवढंच. तेही ताईंच्या डोक्यावरूनच, कारण ताई मधे बसल्या होत्या. मग थोरल्या म्हणाल्या, "उंची तरी सारखी आहे ना?" कारकूनकाका लगेच टेप घेऊन धावले आणि दोनदा मोजून सांगते झाले की अगदी सारखी आहे. दोघींनी सुस्कारा सोडला. उठून आपापल्या मुलांबरोबर, आपापल्या गाडीने त्या घरी गेल्या. पाडा, असं जाताना कुणी म्हणालं नाही. राहू द्या, असंही कुणी म्हणालं नाही.

काका रिक्षा बघायला गेले आणि ताई एकट्या उरल्या. गिलावा अजून ओला ठेवायला हवा होता, म्हणून माळी पाइप घेऊन आला, दोन्ही स्तंभांवर वरून पाणी सोडलं आणि पलीकडच्या वाफ्याकडे गेला. छोट्याच्या सपाट माथ्यावर पाणी साचलं. मिस्त्रीने उतार दिला होता, पण तो डावीकडे दिला होता, तेव्हा ते पाणी हळूहळू जोड ओलांडून दादांच्या बाजूला आलं आणि वेलीच्या पानापानावरून ओघळत कमानीच्या टोकाशी येऊन ठिबकायला लागलं. याला गळणं म्हणायचं की नाही, यावर त्या दोघांचा पुढचा सगळा हंगाम निघाला असता.

ताई काठी घेऊन उठल्या. जवळच्या स्तंभापाशी गेल्या आणि डाव्या बाजूला, कोनाड्यासमोर उभ्या राहिल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "छोट्याचा निरोप आहे. गळत नाहीत म्हणालाय."

रस्त्यावरून काकांनी हाक मारली, रिक्षा आली होती. पण उत्तर घेतल्याशिवाय परत जायची ताईंना सवय नव्हती, म्हणून त्या आणखी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.